दुय्यम म्हणे!

‘प्राथमिक स्मृती म्हणजे रॅम, ती तात्पुरती असते. दुय्यम स्मृती म्हणजे हार्ड डिस्क, ती कायमस्वरूपी असते.’

कॉम्प्युटरशी थोडाफार संबंध आलेल्या मराठी माणसाला ही दोन वाक्यं येत नाहीत असं होत नाही. शाळेत येतात, सर्टिफिकेट कोर्सला येतात, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी येतात, व्हायव्हाला येतात आणि कॅम्पस इंटरव्ह्यूच्या टेक्निकल राऊंडला पुन्हा हजर! चार पर्याय, एक बरोबर, एक मार्क. झालं कॉम्प्युटरचं ज्ञान.

आज मला या दोन वाक्यांशी भांडायचं आहे. माझं म्हणणं असं की त्यातले दोन शब्द चुकीचा समज करून देतात (‘दुय्यम’ आणि ‘कायमस्वरूपी’), आणि दोन वाक्यांच्या मध्ये जे तिसरं वाक्य हवं होतं ते कुणी शिकवतच नाही.

तुम्ही म्हणाल, शनिवारी सकाळी हा काय कीस काढायचा विषय आहे का? आहे. कारण या एका मार्काच्या प्रश्नाची किंमत हिंजवडीत एसीत बसलेले आपण भरत नाही. आपल्याकडे बॅकअप बघायला वेगळी टीम असते. किंमत भरतो बारामती-इंदापूरकडचा दूध घालणारा, ऊस लावणारा, पतसंस्थेत पिग्मी भरणारा माणूस. त्याचा हिशोब वहीतून उठून कॉम्प्युटरात गेला, पण कॉम्प्युटरात तो नक्की कुठे राहतो हे त्याला कुणी सांगितलं नाही. आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या पोरालाही नाही सांगितलं.

तर पहिला शब्द. दुय्यम.

मराठीत दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाचं. ‘पैसा माझ्यासाठी दुय्यम आहे’ असं म्हणणारे लोक असतात (बहुधा अप्रेझलच्या आदल्या दिवसापर्यंत). पण कॉम्प्युटरमधले प्राथमिक आणि दुय्यम हे नंबर प्रोसेसरच्या बाजूने लावलेले आहेत. प्रोसेसरला थेट हात घालता येतो तो रॅममध्ये आणि त्याच्या अगदी उशाशी असलेल्या कॅशमध्ये. डिस्कवरची कुठलीही गोष्ट आधी रॅममध्ये आणावी लागते, मगच ती त्याच्या कामाला येते. म्हणून रॅम पहिली आणि डिस्क दुसरी. जवळचं आणि लांबचं, एवढाच त्याचा अर्थ.

किती लांबचं? ढोबळ आकडे सांगतो. प्रोसेसरजवळच्या सगळ्यात आतल्या कॅशमधून आकडा उचलायला साधारण १ नॅनोसेकंद लागतो. रॅममधून आणायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास. एसएसडीवरून आणायला साधारण १ लाख नॅनोसेकंद, आणि फिरत्या तबकड्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवरून सुमारे १ कोटी. हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून १ नॅनोसेकंदाला १ सेकंद धरू. कॅशमधली गोष्ट एका सेकंदात हातात. रॅममधली पावणेदोन मिनिटांत. एसएसडीवरची यायला २८ तास, म्हणजे आज सांगितलं की उद्या दुपारी. आणि हार्ड डिस्कवरची? ११६ दिवस. जवळजवळ चार महिने!

आता हेच बारामतीच्या भाषेत बघू. पाणी असतं भाटघरच्या धरणात, तिकडे भोर तालुक्यात. तिथून नीरा नदीत, मग नीरा डाव्या कालव्याने बारामती, पुढे इंदापूर. कालव्यातून चारीला, चारीतून ज्याची पाळी असेल त्याच्या शेततळ्यात, शेततळ्यातून ठिबकच्या नळीत, नळीतून मुळाशी. उसाच्या मुळाला विचारलं की बाबा तुझं प्राथमिक पाणी कुठलं, तर ते ठिबकचा थेंबच सांगेल. धरण त्याच्या लेखी लांबचं, दुय्यम. पण भाटघर आटलं तर तो थेंब येणार कुठून? कालव्याच्या आवर्तनासाठी इकडे आंदोलनं होतात, मोर्चे निघतात, निवडणुका फिरतात. ठिबकच्या नळीसाठी कधी मोर्चा निघालेला ऐकलाय?

मुळाच्या बाजूने शेती शिकवणारा माणूस वेडा ठरेल. आपण मात्र प्रोसेसरच्या बाजूने कॉम्प्युटर शिकवतो आणि त्याला अभ्यासक्रम म्हणतो.

माणसाच्या बाजूने बघितलं तर क्रम बरोबर उलटा आहे. तुमच्या मुलीचे फोटो, दहा वर्षांचा दुधाचा हिशोब, पतसंस्थेतली शिल्लक, हे सगळं ‘दुय्यम’ मध्ये राहतं. रॅममध्ये असतं ते आत्ता, या क्षणी चाललेलं काम. तुमचं आयुष्य साठलंय ते डिस्कवर.

तसं मराठीत याच शब्दाचं एक चांगलं उदाहरण आहे. जमिनीचं खरेदीखत करायला आपण कुठे जातो? दुय्यम निबंधक कार्यालयात! बारामतीत आहे, इंदापुरात आहे. पाटीवर ‘दुय्यम’ लिहिलंय म्हणून कुणी म्हणतं का, की जाऊ दे, तिथला कागद गहाळ झाला तरी चालेल? उलट आपल्या आयुष्यातले सगळ्यात मोठे कागद त्या दुय्यमाकडेच असतात. हे एक उदाहरण वर्गात दिलं असतं तरी निम्मं काम झालं असतं.

आता ते गाळलेलं तिसरं वाक्य. ते असं: ‘रॅममधली गोष्ट आपोआप डिस्कवर जात नाही, कुणीतरी ती न्यावी लागते, आणि नेईपर्यंत वेळ जातो.’

साधं आहे ना? पण सगळी रड इथेच आहे.

रॅम विसरते ती का विसरते, हे आधी बघू. आजची रॅम ज्या तत्त्वावर चालते ती डीरॅम आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९६६ साली शोधली आणि १९६८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. एक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. त्यात चार्ज असेल तर १, नसेल तर ०. पण हे भांडं गळकं आहे. भरलं की लगेच गळायला लागतं. म्हणून रॅममधली प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा! तुम्ही चहा पीत स्क्रीनकडे नुसतं बघत बसलेले असता तेव्हाही हे भरणं चालूच असतं. लाईट गेली की भरणारा थांबतो आणि भांडी रिकामी होतात.

आणि ‘सेव्ह’ चं बटण दाबल्यावर काय होतं? बहुतेकांना वाटतं की गोष्ट डिस्कवर गेली. नाही! ती आधी जाते ऑपरेटिंग सिस्टीमच्या कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा रॅममध्येच. सिस्टीम म्हणते, डिस्क लांब आहे, चार कामं साठली की एकदम एक खेप करू. लिनक्सवर नेहमीच्या सेटिंगला अशी गोष्ट ३० सेकंद नुसती बसून राहू शकते. तिथून ती डिस्ककडे जाते, तर डिस्कच्या स्वतःच्या पोटात आणखी एक छोटी रॅम असते, तिथे थांबते. आणि मग शेवटी तबकडीवर किंवा फ्लॅशच्या चिपवर. पेन ड्राईव्ह काढताना ‘सेफली रिमूव्ह’ करा असं सांगतात ते याचसाठी. आपण ते व्हायरसच्या भीतीने करतो, तो भाग वेगळा.

इंदापूर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राची गोष्ट सांगतो (नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते). संध्याकाळची वेळ, रांग लागलेली. दूध मापलं, फॅट-एसएनएफ लागलं, आकडा स्क्रीनवर आला, पावतीचा प्रिंटर मात्र बंद पडलेला. ‘कॉम्प्युटरात हाय की मामा, पावती कशाला पायजे’ असं उत्तर. तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मेलेली होती आणि पेटीवर कुंकू-हळद तेवढी शाबूत होती. लाईट आली तेव्हा प्रोग्राम उघडेना. फाईल अर्धवट लिहिली गेलेली. त्या दहा दिवसांचा सगळा हिशोब त्याच फाईलमध्ये! दुसऱ्या दिवशी माझ्या नात्यातले एक आबा विचारायला गेले तर केंद्रावरचा पोरगा म्हणाला, ‘आबा, मेमरी उडालीया. तुमच्या वहीत असंल तर सांगा, तसं लिवतो.’

आबांकडे वही नव्हती. कॉम्प्युटर आल्यावर वही कशाला ठेवायची? शेवटी मागच्या दहा दिवसांच्या सरासरीवर पैसे मिळाले. मधल्या काळात म्हैस व्यालेली, दूध वाढलेलं, ते वाढीव दूध कुणाच्याच स्मृतीत नाही. ना प्राथमिक, ना दुय्यम.

यात त्या पोराला मी अजिबात दोष देत नाही. त्याने सर्टिफिकेट घेतलेलं आहे. रॅम तात्पुरती आणि डिस्क कायमची हे त्याला तोंडपाठ आहे. त्याला एवढंच माहीत नव्हतं की स्क्रीनवर दिसणारा आकडा अजून वाटेत असू शकतो.

दोष द्यायचाच तर आमच्या जमातीला देतो, सॉफ्टवेअरवाल्यांना. लाईट जाणारच, हे ज्या गावात शेंबडं पोर सांगेल, त्या गावात विकायचा प्रोग्राम लाईट जाणारच नाही असं धरून लिहायचा? यावर उपाय काही आज शोधायचा नाहीये. तो डेटाबेसवाल्यांना कधीचा माहीत आहे. आधी काय करणार आहोत ते एका वेगळ्या फाईलमध्ये ओळीने लिहायचं, ती ओळ तबकडीवर खरंच पोहोचली का याची खात्री करायची, आणि मग मूळ हिशोबाला हात लावायचा. मध्ये लाईट गेली तर उठल्यावर ती वही वाचायची आणि राहिलेलं पुरं करायचं. पोस्टग्रेससारख्या फुकट मिळणाऱ्या डेटाबेसमध्येही २००१ सालच्या ७.१ आवृत्तीपासून हे आहे.

आणि खरं सांगायचं तर आपल्या बाजारपेठेतल्या दिवाणजींना हे त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. आधी कीर्द, मग खतावणी! व्यवहार झाला की पहिल्यांदा तारखेप्रमाणे कीर्दीत ओळ पडणार, मग सवडीने ती ज्याच्या त्याच्या खात्यावर चढणार. खतावणीचं पान फाटलं तरी कीर्दीवरून पुन्हा उभं करता येतं. कीर्द न ठेवता थेट खतावणी खोडणाऱ्या कारकुनाला कुठल्या अडत्याने दोन दिवससुद्धा ठेवला नसता. आम्ही मात्र तसा कारकून सॉफ्टवेअर म्हणून विकतो, वर दरवर्षी एएमसी घेतो.

असो. आता दुसरा शब्द, ‘कायमस्वरूपी’.

हा तर सरळसरळ धोका आहे. डिस्क कायमची नसते. तबकडीची डिस्क पडली, तापली, तिचा मोटर अडकला की गेली. एसएसडी आणि पेन ड्राईव्हमध्ये फ्लॅश असते (ती तोशिबाच्या फुजिओ मासुओकाने १९८० च्या दशकात काढली), तिथे बिट म्हणजे कोंडून ठेवलेला चार्ज. ठरावीक वेळा लिहून-पुसून झालं की ती पेशी झिजते. आणि कपाटात वर्षानुवर्षं वीज न देता ठेवलेल्या फ्लॅशमधून तो चार्ज हळूहळू निसटूही शकतो. ‘कायमस्वरूपी’ चा खरा अर्थ ‘लाईट गेली तरी राहतं’ एवढाच आहे. ‘कायम राहतं’ असा अजिबात नाही.

मग माहिती टिकते कशी? याचं उत्तर इंदापूरनेच दिलेलं आहे, तेही दोनशे वर्षांपूर्वी.

इंग्रज आल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्याची जमीन मोजायला घेतली. बारीक मोजमाप, बारीक हिशोब, पण खालून येणारे आकडेच भरवशाचे नव्हते आणि सारा भलताच बसला. लोक जमिनी टाकून निघून गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने पाहणी केली, आणि तिची पहिली आकारणी १८३६ मध्ये लागू झाली ती इंदापूर तालुक्यात. ३० वर्षांसाठी. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. आज आपण ‘सर्व्हे नंबर’ म्हणतो तो या पाहण्यांतून रुळलेला शब्द. म्हणजे आपल्या जमिनीच्या रेकॉर्डची एक मोठी सुरुवात या कोरड्या, दुष्काळी तालुक्यात झाली.

ते रेकॉर्ड टिकलं ते काही कागद चिवट होता म्हणून नाही. कागदाला वाळवी लागते, आग लागते, पाणी लागतं. ते टिकलं कारण माहिती एकाच ठिकाणी नव्हती. गावाचे हिशोब गावात, तालुक्याचे कचेरीत, वरचे गोषवारे जिल्ह्याला. एक दप्तर गेलं तरी दुसरीकडून जुळवता यायचं. शिवाय त्याला हात लावणारा कोण आणि कधी, याचीही नोंद. आज सातबारा घरबसल्या डिजिटल सहीसकट मिळतो, त्या सोयीच्या खाली ही सगळी उतरंड आहे.

आता तुलना करा. १८३६ च्या इंदापूरच्या आकारणीवर आजही संशोधन करता येतं, आणि त्याच तालुक्यातल्या दूध केंद्रावर मागच्या आठवड्याचं दूध सापडत नाही! कारण त्याची प्रत एकच, ती एका डिस्कवर, आणि ती डिस्क एका टेबलाखाली जिथे रोज संध्याकाळी दुधाचे कॅन धुतात.

आणखी एक गंमत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टला बरोबर घेऊन उसासाठी एआय वापरायचा प्रयोग सुरू केलाय. २०२५ मध्ये खुद्द सत्या नडेलांनी त्याचं कौतुक केलं आणि सगळ्या चॅनेलवर बारामतीचा ऊस झळकला. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाचे फोटो, सगळी माहिती क्लाउडवर. मला त्याचा आनंदच आहे, प्रयोग चांगला आहे. पण क्लाउड म्हणजे ढग नव्हे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतल्या डिस्का. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात डेटा सेंटरं उघडली त्यातलं एक तर पुण्यातच आहे. या ॲझ्युर स्टोरेजमध्ये ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीच्या किमान तीन प्रती असतात. का? तर जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एकीचाही एका डिस्कवर विश्वास नाही!

म्हणजे बघा, तिथे ठेवलेल्या मातीच्या ओलाव्याच्या आकड्याच्या तीन प्रती, आणि त्याच शेतकऱ्याच्या घामाच्या दुधाची एक. ही विषमता तंत्रज्ञानामुळे आलेली नाही. दुसरी प्रत ठेवायला आज काही हजारांची एक डिस्क पुरते. ती कुणी मागत नाही म्हणून ठेवली जात नाही, आणि मागत नाही कारण पुस्तकात ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय.

बरं, हा ‘कायमस्वरूपी’ शब्द दुसऱ्या बाजूनेही फसवतो. जे राहावं असं वाटतं ते जातं, आणि जे जावं असं वाटतं ते राहतं.

इंदापूर तालुक्यात पळसदेव आहे. भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि जुनं गाव बॅकवॉटरखाली गेलं. लोक वर सरकले, पळसनाथाचं जुनं दगडी मंदिर पाण्यात राहिलं. नवा माणूस भरल्या उजनीकडे बघून म्हणेल, इथे नुसतं पाणी आहे. पण २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्याच्याही बरीच खाली गेली आणि मंदिर पुन्हा उघडं पडलं. लोक आत जाऊन हात जोडून आले. मंदिर कुठे गेलंच नव्हतं. फक्त दिसत नव्हतं.

‘डिलीट’ नेमकं असंच असतं. हार्ड डिस्कवरची किंवा पेन ड्राईव्हवरची फाईल डिलीट केली की सिस्टीम त्या फाईलचं नाव यादीतून काढते आणि ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवते. आतला मजकूर तिथेच असतो. त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो तिथेच राहतो, आणि तो वर काढायची सॉफ्टवेअर फुकटात मिळतात. (नव्या एसएसडीत आणि फोनमध्ये हे बरंच अवघड झालंय. तिथे मोकळ्या झालेल्या जागा मागाहून साफ होतात आणि सगळं एन्क्रिप्ट केलेलं असतं. पण गावातल्या किती टेबलांवर नवी एसएसडी आहे?)

आता तालुक्याच्या गावातलं कुठलंही झेरॉक्सचं दुकान आठवा. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, कॉलेजचा फॉर्म, सगळ्यासाठी आधार, पॅन, पासबुक, अंगठा. स्कॅन होतं, डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर (१४)’ मध्ये पडतं. दुकानदार भला माणूस, महिन्याने सगळं डिलीट करतो. मग एक दिवस तो कॉम्प्युटर जुना म्हणून विकतो. त्या डिस्कच्या तळाशी अख्ख्या पंचक्रोशीची आधार कार्डं पळसनाथासारखी शांत बसलेली असतात. पाणी ओसरायला दुष्काळ लागतो. इथे एक रिकामटेकडा माणूस पुरतो.

२०२३ साली व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. चांगलं झालं. पण डिलीट म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, तो ‘माझी माहिती पुसा’ असं सांगून नक्की काय मागणार, आणि समोरचा काय पुसणार?

या अज्ञानावर कुणाचा तरी धंदाही चालतो, तेही सांगून टाकतो. मोबाईलच्या दुकानात जा. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘१६ जीबी रॅम’, खाली मुंगीच्या अक्षरात ‘८ + ८’. त्यातली दुसरी ८ ही रॅम नसतेच. ती स्टोरेजची जागा, रॅम कमी पडली की टेकू म्हणून वापरायची. युक्ती म्हणून ती खोटी नाही, मँचेस्टरच्या ॲटलस कॉम्प्युटरने १९६२ मध्येच डिस्कसारख्या एका फिरत्या ड्रमला रॅमची शेपटी जोडून दाखवली होती. पण वरचा हिशोब आठवा. पावणेदोन मिनिटांत येणारी गोष्ट आणि उद्या दुपारी येणारी गोष्ट, दोन्ही एकाच आकड्यात मिळवून विकायच्या? शेततळ्यात भाटघर मिळवून सांगण्यातला प्रकार! आणि विकणाऱ्याला खात्री असते की घेणाऱ्याने व्याख्या पाठ केलीय, म्हणजे तो प्रश्न विचारणार नाही.

आता यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला, ‘अरे, प्रायमरी-सेकंडरी हे जगभर वापरतात, तू कोण बदलणार?’ मान्य. शब्द बदलू नका. पण शिकवताना ‘हा क्रम प्रोसेसरच्या बाजूचा आहे’ हे एक वाक्य जोडायला कुणाची परवानगी लागते?

दुसरा आक्षेप, ‘सामान्य माणसाला एवढं खोलात कशाला? गाडी चालवणाऱ्याला इंजिन माहीत असावं लागतं का?’ इंजिन नाही, पण ब्रेक कुठला आणि पेट्रोल संपलं की काय होतं हे माहीत असावंच लागतं. मी त्याच्या पलीकडचं काही मागत नाहीये. आणि कोर्सवाल्यांना नुसत्या शिव्या घालायच्या नाहीत मला. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोहोचलं, तेव्हा ज्यांनी माउस पाहिला नव्हता अशा लाखो लोकांची भीती मोडली. ते काम मोठंच आहे. पण भीती मोडून आता पिढी उलटली. पुढचा धडा कधी?

माझ्या मते तो धडा तीन प्रश्नांचा आहे. लाईट गेली तर काय उरेल? हे मशीन जळालं किंवा चोरीला गेलं तर काय उरेल? आणि मी पुसलं तर खरंच काय उरेल? परीक्षेत चार पर्यायांऐवजी हे तीन विचारा. ज्याला उत्तरं देता येतील त्याला मेमरी कळली. रॅमचं पूर्ण रूप नाही आलं तरी चालेल.

आणि तुम्ही, म्हणजे पुण्यात राहून महिन्यातून एकदा गावी जाणारे. आपण गावी जातो तेव्हा सगळे आपल्याकडे प्रिंटर दुरुस्त करायला घेऊन येतात आणि आपण तोंड वाकडं करतो, ‘मी हार्डवेअरवाला नाही’. पुढच्या वेळी तोंड वाकडं करू नका. ज्या केंद्रावर घरचं दूध जातं तिथे उभे राहा आणि विचारा: यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली? हिशोबाची दुसरी प्रत कुठे आहे, ती याच खोलीत आहे की बाहेर? त्या प्रतीवरून हिशोब परत उघडून कधी बघितलाय का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण कधीच उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे नुसती श्रद्धा. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत लाभांशावर तासभर भांडण होतं, तिथे हेच तीन प्रश्न उभं राहून विचारा. संचालकांना उत्तर देता आलं नाही तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.

तोपर्यंत आबांना मी सांगून ठेवलंय की पावती छापून मिळाल्याशिवाय कॅन उचलायचा नाही, आणि पावत्या तारखेप्रमाणे तारेला लावायच्या. तार भिंतीला आहे. लाईट गेली तरी ती जागची हलत नाही.